स्टिम्युलंट नशा सुईने घ्यायला सुरुवात का होते, धोका कोणाला जास्त असतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे. जे सध्या नाकाने किंवा ओढून घेतात आणि सुईचा विचार मनात येऊन गेलाय ते, जे स्वतः टोचून घेतात आणि आजूबाजूचे नवखे त्यांच्याकडे बघतायत ते, आणि घरचे-मित्र ज्यांना कुठेतरी शंका आलीये पण विचारायचं कसं ते कळत नाहीये. सगळं वाचायलाच पाहिजे असं नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

कुठल्या नशेबद्दल बोलतोय आपण?

कोकेन, मेथ म्हणजे मेथॅम्फेटामिन (आइस, क्रिस्टल म्हणतात ते), साधं अ‍ॅम्फेटामिन, मेफेड्रोन ज्याला सगळे एमडी म्हणतात, आणि त्याच जातकुळीतल्या बाकीच्या सिंथेटिक पावडरी. एडीएचडीसाठी (लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास) डॉक्टर लिहून देतात त्या मिथाइलफेनिडेटच्या गोळ्यांचाही गैरवापर होतो. सगळ्यांचं काम साधारण एकाच दिशेचं असतं, मेंदूत डोपामिन आणि त्याच्यासारखी रसायनं एकदम वाढतात, झोप भूक पळते, माणूस तासन् तास जागा आणि चढलेला राहतो आणि उतरलं की धाडकन खाली येतो. हा उतार या पानावर परत परत येणार आहे, कारण सुईचे बरेचसे निर्णय त्या उताराच्या भीतीने होतात.

नाकाने घेणारा माणूस शेवटी सुईवर येतोच ना?

नाही. हे आधी नीट ऐका कारण घरच्यांना नेमकं उलटं वाटत असतं. स्टिम्युलंट घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण आयुष्यात कधीच टोचून घेत नाहीत, काही जण वर्षानुवर्षं ओढतात आणि नंतर सोडतात सुद्धा, मध्ये सुई कुठेच येत नाही.

आणि हे फक्त त्या पदार्थावर ठरत नाही याचा मोठा पुरावा म्हणजे वेगवेगळे देश. चेक प्रजासत्ताकात मेथला पेर्विटिन म्हणतात आणि तिथे त्याचा नियमित जड वापर करणारे बहुतेक जण ते टोचूनच घेतात, स्वीडनमध्ये अ‍ॅम्फेटामिन टोचून घेण्याची सवय १९५० च्या आसपासपासून आहे, जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर मेथच्या इंजेक्शनची इतकी मोठी लाट आली की १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तिकडे थायलंडमध्ये याबा म्हणून मेथच्याच गोळ्या मिळतात, त्या लोक जास्त करून धूर करून ओढतात. मूळ रसायन तेच. म्हणजे आजूबाजूचे लोक कसं घेतात, कोणाकडून शिकायला मिळतं, हाताशी काय असतं, यावर खूप काही अवलंबून आहे. आम्हाला हे कळल्यावर खरं तर धीर आला, कारण रसायन बदलता येत नाही पण बाकीच्या गोष्टींत हात घालता येतो.

मग जे वळतात ते नक्की का वळतात?

एकच कारण कधीच नसतं, चार-पाच गोष्टी एकावर एक साचतात आणि मग एखाद्या रात्री ते होतं.

पहिलं म्हणजे सवय वाढते, तेवढ्याच मालात आधीसारखं चढत नाही. मग आजूबाजूचा कोणीतरी म्हणतो नाकाने घेतोस म्हणजे अर्धं वाया घालवतोस. हे वाक्य आम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता कोणी बोलायला लागलं की आम्हाला आधीच कळतं पुढे काय येणार. ऐकायला हिशोबाची गोष्ट वाटते, पैसे कमी लागतील असं वाटतं, आणि सुरुवातीचे थोडे दिवस तसं होतंही, पण सुईने घेतल्यावर सवय आणखी भराभर वाढते आणि काही आठवड्यांत आधीपेक्षा जास्त माल लागायला लागतो. वाचवायला म्हणून गेलेला माणूस जास्त खर्चात जाऊन बसतो.

दुसरं, वेग. गिळलं तर परिणाम जाणवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, नाकाने तीन ते पाच मिनिटं, आणि ओढलं किंवा शिरेतून घेतलं तर काही सेकंदांत. जितकं पटकन मेंदूत पोचतं तितकी त्याची ओढ जास्त पक्की बसते. पण बघा, ओढण्याचा वेगही सुईच्या जवळपासच आहे, म्हणजे फक्त वेगासाठी कोणाला सुईची गरज नाही, तरीही लोक जातात, म्हणून बाकीची कारणं बघावीच लागतात.

तिसरं, शरीर थकतं. नाक आतून सोलवटलेलं, रक्त येतंय, पडद्याला भोक पडायला आलंय, किंवा धुराने छाती भरलीये, खोकला थांबत नाही. अशा वेळी सुई हा "बरा" मार्ग वाटायला लागतो. खरं तर हीच वेळ डॉक्टरकडे जायची असते, आणि नेमकं तिथे जायची लाज वाटते.

आणि चौथं, सगळ्यात जड, म्हणजे माणसं. त्याचा पुढचा प्रश्न वेगळाच ठेवलाय.

पहिलं इंजेक्शन कोण देतं?

विकणाऱ्याने भुलवून टोचलं, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात बहुतेकांना पहिल्यांदा टोचणारा माणूस ओळखीचा असतो, मित्र, जोडीदार, कधी सख्खा किंवा चुलत भाऊ, बरोबर राहणारं कोणीतरी. स्वतःच्या हाताने पहिल्यांदा टोचून घेणारे कमी, कारण येत नसतं. आणि बरेच जण सांगतात की त्या दिवशी असं काही करायचं ठरवून आलो नव्हतो.

जरा जवळून बघा कसं होतं. दोन रात्री झोप नाही. खोलीत तीन-चार जण. माल संपत आलाय आणि सगळ्यांना माहितीये की संपला की उतार सुरू होणार. त्यातले दोघे आधीपासून टोचून घेतात, ते कोपऱ्यात आपलं आपलं करतायत, आणि तिसरा, जो आत्तापर्यंत फक्त नाकाने घेत होता, तो बघतोय. रोजच बघतो. पहिल्या वेळी बघून त्याच्या पोटात ढवळलं होतं, मान फिरवली होती, आज तसं काही होत नाहीये. तो बाही वर सरकवतो आणि म्हणतो मला पण दे. समोरचा म्हणतो नको रे तू नको यात पडू. तो परत म्हणतो. तिसऱ्यांदा म्हटल्यावर समोरचा देतो, कारण तो पण दोन रात्री जागाच आहे, वाद घालायची ताकद नाही, आणि "दुसरीकडे कुठे जाऊन चुकीचं करून घेण्यापेक्षा मी दिलेलं बरं" असं त्याला मनापासून वाटतं.

यात कोणी राक्षस नाही. म्हणूनच पोस्टरवरचा काळ्या कपड्यातला माणूस दाखवून हे थांबत नाही. धोका वाढतो तो रोज बघण्याने, आधी बघितलं की किळस जाते, मग ती साधी गोष्ट वाटायला लागते, मग उत्सुकता, मग मागणं. ज्याच्या रोजच्या उठण्या-बसण्यात टोचून घेणारे आहेत त्याला धोका सगळ्यात जास्त, एकच कारण निवडायला सांगितलं तर आम्ही हेच निवडू.

किती दिवसांत होतं हे? कुठल्या वयात?

ठरलेलं काही नाही. कोणी सहा महिन्यांत तर कोणी दहा वर्षांनी. विशीच्या आगेमागे सुरुवात करणारे बरेच असतात, पण तिशी-चाळिशीत घटस्फोट, नोकरी जाणं, जवळचं माणूस जाणं अशा धक्क्यानंतर पहिल्यांदा सुई घेणारे पण आहेत, त्यांच्याकडे कोणाचं लक्षच नसतं. कमी वयात नशा सुरू झाली असेल आणि वापर रोजचा झाला असेल, किंवा दोन-तीन दिवस सलग घेऊन मग कोसळायचं असा प्रकार असेल, तर धोका वाढतो हे मात्र नक्की.

लहानपणी जे झालं त्याचा काही संबंध असतो का?

असतो, आणि खूप असतो. १९९८ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापला गेला, बालपणातल्या वाईट अनुभवांवरचा, त्यात मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात व्यसन, आईला होणारी मारझोड, घरातलं कोणी जेलमध्ये जाणं अशा गोष्टी मोजल्या होत्या. चार किंवा जास्त अनुभव असलेल्यांमध्ये दारू, ड्रग्ज, डिप्रेशन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे अनुभव नसलेल्यांपेक्षा चार ते बारा पट निघाला. नंतरच्या अभ्यासांत सुईच्या वापराशीही हाच धागा दिसला.

पण हे वाचून "माझं लहानपण असं गेलं म्हणजे माझं हेच होणार" असं कृपा करून मनावर घेऊ नका. चारच्या वर अनुभव असलेले असंख्य लोक कधी नशेच्या वाटेलाही गेले नाहीत. याचा अर्थ एवढाच की समोरच्याला सल्ला द्यायच्या आधी त्याला काय झालंय ते विचारायला हवं, आणि उपचारात त्या जखमेवर काम झालं नाही तर नुसती नशा सोडवून फार दिवस टिकत नाही.

घर नसणं, जेल, पोलीस, याने काय फरक पडतो?

राहायला जागा नसली की माणूस रात्री जागा राहण्यासाठीच स्टिम्युलंट घेतो, सामान चोरीला जाऊ नये, कोणी अंगाला हात लावू नये म्हणून. बाकीच्यांना हे कळतच नाही, ते म्हणतात मजा करतो. रस्त्यावर राहणाऱ्या तरुणांच्या अभ्यासांत, विशेषतः कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात, क्रिस्टल मेथ घेणाऱ्यांनी पुढे सुई सुरू करण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आडोसा नाही, सारखी हाकलाहाकली, त्यात पटकन घेऊन मोकळं व्हायचं असतं, धूर आणि वास लपत नाही, मग सुई सोयीची वाटते.

जेलचंही तसंच. आत गेला तेव्हा सुई माहीत नव्हती आणि बाहेर आला तेव्हा माहीत होती असे लोक आहेत. आत सुया कमी, एकीवर अनेक जण, म्हणजे पहिल्याच वेळी संसर्गाचा धोका भयंकर. आणि बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे खूप नाजूक, जुनी ओळख तीच, नोकरी नाही, घरचे दार उघडत नाहीत.

बाईच्या बाबतीत काही वेगळं आहे का?

हो, बरंच. खूप बायकांची सुरुवात जोडीदाराबरोबर होते, तोच माल आणतो, तोच टोचतो, आणि सुई एकच असेल तर तिचा नंबर त्याच्यानंतर. तिला स्वतःला टोचता येत नाही तोपर्यंत ती त्याच्यावर अवलंबून राहते, भांडण झालं, मारलं तरी सोडून जाता येत नाही. काहींना वाटतं त्याच्यासोबत मीही घेतलं तर आमच्यातलं अंतर कमी होईल. पैशासाठी किंवा मालाच्या बदल्यात शरीरसंबंध ठेवावे लागणाऱ्या बायकांमध्ये धोका आणखी वाढतो, कारण जागरण, मारहाण आणि ते सगळं सहन व्हावं म्हणून घेणं, हे एकत्र येतं. सगळ्याच पुरुषामुळे सुरू करतात असंही नाही, मैत्रिणीकडून शिकलेल्याही आहेत.

आणि मदत मागायला गेलं की मूल काढून घेतील ही भीती. व्यसनमुक्ती केंद्रात सगळे पुरुष. त्यामुळे बाई उशिरा पोचते, आणि पोचली तरी पहिल्याच दिवशी तिला कोणी विचारलं की "आई असून असं कसं केलंस" तर ती परत येत नाही. जे कोणी अशा केंद्रात काम करतात त्यांना हात जोडून सांगणं आहे, हा प्रश्न विचारू नका.

केमसेक्समध्ये सुई का येते?

काही पुरुष पुरुषांबरोबर सेक्स करताना मेथ किंवा मेफेड्रोन घेतात, तासन् तास, कधी अख्खा वीकेंड. त्यातला एक गट टोचून घेतो, त्याला स्लॅमिंग असं नाव आहे. नाव वेगळं असल्यामुळे "मी काही इंजेक्शनवाला नाही" असं अनेकांना वाटतं, पण शिर तीच, रक्त तेच. इथे धोका वाढवणाऱ्या गोष्टी म्हणजे एकटेपणा, स्वतःच्या लैंगिकतेबद्दल मनात बसलेली लाज, नशेशिवाय जवळीक जमेनाशी होणं, आणि अ‍ॅपवरून भेटलेला अनुभवी माणूस जो म्हणतो मी देतो तू फक्त पडून राहा. याबद्दल बोलायला अशी जागा शोधा जिथे सेक्सवरून आधी प्रवचन मिळत नाही, एचआयव्हीवर काम करणाऱ्या संस्था बऱ्याचदा जास्त मोकळ्या असतात.

आधीपासून हेरॉइन टोचणारा स्टिम्युलंटकडे गेला तर?

मग नवीन शिकायचं काही उरलेलंच नसतं, सुई आहे, हात बसलाय, फक्त पावडर बदलते. हा एक मोठा रस्ता आहे. काही जण हेरॉइनची सुस्ती घालवायला वरून कोकेन किंवा मेथ घेतात, काही दोन्ही एकत्र घेतात, ते हृदयाला आणि श्वासाला दोन्हीकडून मारतं. बाजारात माल बदलला की पण असंच होतं. ऑस्ट्रेलियात २००१ च्या सुरुवातीला हेरॉइन अचानक मिळेनासं झालं तेव्हा हेरॉइन टोचणाऱ्यांपैकी अनेक जण कोकेन आणि मेथ टोचायला लागले. म्हणजे पुरवठा आवळला की सगळे सोडतात असं गृहीत धरू नका, उपचाराची सोय तयार नसेल तर माणसं जे मिळेल त्याकडे वळतात.

ज्यांना हेरॉइनचं व्यसन आहे त्यांना मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार सुरू झाला की त्यांचं टोचणं कमी होतं, आणि असा उपचार घेणारे लोक नव्या माणसांना टोचून देण्याच्या फंदातही कमी पडतात असं दिसलंय.

डिप्रेशन, एडीएचडी वगैरे असेल तर?

धोका वाढतो. ज्याला आतून सतत रिकामं वाटतं त्याला स्टिम्युलंटने पहिल्यांदा "नॉर्मल" वाटल्यासारखं होतं आणि ते सोडणं त्याला जास्त अवघड जातं. नीट तपासून आजाराचाच उपचार केला पाहिजे. स्वतःच्या मनाने निदान करून गोळ्या घेऊ नका.

दारू-गांजापासूनच हे सगळं सुरू होतं ना?

सुई घेणाऱ्या बहुतेकांनी आधी दारू, सिगारेट, गांजा घेतलेला असतो हे खरं, पण दारू-गांजा घेणाऱ्यांपैकी सुईपर्यंत जाणारे अगदी थोडे. मुलाने बिअर प्यायली म्हणून त्याला सुईची भीती घालू नका, तो तुमच्यावर विश्वास ठेवायचं सोडेल आणि पुढे खरंच काही झालं तर सांगणार नाही.

स्टिम्युलंट टोचणं बाकीपेक्षा जास्त धोक्याचं का म्हणतात?

आकड्यांनी सांगायचं तर जास्त वेळा टोचलं जातं म्हणून. कोकेनचा परिणाम पटकन ओसरतो, मग परत, मग परत, एका दिवसात दहा-वीस वेळा टोचणारे असतात. तेवढ्या नव्या सुया कोणाकडे नसतात, मग तीच, मग शेजाऱ्याची. त्यात जागरणाने डोकं ठिकाणावर नसतं, सेक्स विना कंडोम होतो. शिवाय कोकेन जागा बधिर करतं, सुई चुकली तरी दुखत नाही, त्यामुळे शिरा खराब होतात, गळू होतात, आणि जंतू रक्तातून हृदयाच्या झडपांपर्यंत गेले तर जीवावर बेततं.

एचआयव्हीचे मोठे उद्रेक याच पद्धतीने झालेत. व्हँकुव्हरमध्ये १९९० च्या दशकात कोकेनच्या इंजेक्शनमुळे, बुखारेस्टमध्ये २०११ च्या सुमारास सिंथेटिक पावडरींमुळे, ग्लासगोमध्ये २०१५ पासून परत कोकेनमुळे. जगात साधारण १ कोटी ४० लाख लोक ड्रग्ज टोचून घेतात असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे, त्यातल्या दर आठांमागे एकाला एचआयव्ही आणि जवळपास निम्म्यांना हिपॅटायटिस सी आहे. हे आकडे सगळ्या प्रकारच्या इंजेक्शनचे मिळून आहेत.

सुया फुकट वाटल्या तर आणखी लोक सुरू करतील ना?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि राग समजतो आम्हाला. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये सगळे पुरावे तपासून सांगितलं की सुया बदलून देण्याच्या कार्यक्रमांमुळे नवीन लोक टोचायला लागतात किंवा वापर वाढतो असा पटणारा पुरावा नाही, आणि एचआयव्ही मात्र कमी होतो. वर सांगितलेलं आठवा, कोणी सुई फुकट मिळाली म्हणून सुरू करत नाही, जवळच्या माणसाला बघून करतं. उलट अशा केंद्रावर येणारा माणूस पहिल्यांदा कुठल्यातरी नर्सशी, समुपदेशकाशी बोलतो, तिथून उपचाराला जाणारे खूप.

मी सध्या नाकाने घेतो किंवा ओढतो, पण सुईचा विचार येतोय. काय करू?

हे वाचताय म्हणजे अजून वेळ आहे, आणि तुम्ही स्वतःला विचारताय हेच मोठं आहे. आजच्या आज सगळं सोडा असं सांगून आम्ही निघून जाणार नाही.

कोणाबरोबर असताना हा विचार येतो ते आधी बघा. बहुतेकदा एखादी ठरावीक खोली, एखादी व्यक्ती, ठरावीक वेळ असते, माल संपत आल्याची. ती जुळणी तोडता आली तर अर्धं काम झालं, म्हणजे ते लोक टोचायला लागले की तिथून उठायचं, बाहेर जायचं, आणि कोणी टोचून देतो म्हणालं तर काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. नशेत वाक्य सुचत नाही, तयार वाक्य लागतं. "मी सुई घेत नाही" एवढं पुरतं, कारण द्यायची गरज नाही, कारण दिलं की समोरचा ते खोडून काढतो. सलग दोन-तीन रात्री जागण्याचे प्रकार कमी करा, मध्ये खा, पाणी प्या, झोपा, कारण सुईचे निर्णय तिसऱ्या रात्री होतात. नाक किंवा छाती बिघडली असेल तर ती दाखवा. आणि एक माणूस असा ठेवा ज्याला हे सांगितलंय, ज्याला रात्री दोनला फोन करता येईल.

कोणी म्हणालं की एकदाच करून बघ, तर लक्षात ठेवा की "एकदाच"ची खात्री त्याला स्वतःलाही नव्हती.

मी स्वतः टोचून घेतो आणि कोणीतरी मला म्हणतंय मला पण दे. मी नाही म्हटलं तर तो दुसरीकडे जाईल.

इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी ब्रेक द सायकल नावाचा एक उपक्रम सुरू झाला, तो याच प्रश्नावर होता, टोचणाऱ्यांशीच बोलायचं, कारण दार त्यांच्या हातात असतं. बहुतेक टोचणाऱ्यांना मनापासून वाटत असतं की दुसऱ्याने यात येऊ नये, फक्त त्या क्षणाला नाही कसं म्हणायचं हे ठरलेलं नसतं. तुम्हाला तो तुमचा भाऊ वाटत असेल तर दोन गोष्टी करा. न घेणाऱ्यांच्या समोर टोचू नका, आणि त्यांच्यासमोर त्याचं कौतुक करू नका, कसं चढलं, काय मजा आली, कारण ऐकणाऱ्याच्या डोक्यात तेच राहतं. आणि मागितलं तर सांगा, मी कोणालाच देत नाही, हा माझा नियम आहे. "तुला नाही देणार" म्हटलं की भांडण होतं, "कोणालाच नाही" म्हटलं की विषय संपतो.

तो दुसरीकडे जाईलच असं नाही. बरेच जण त्या रात्रीपुरतेच मागत असतात आणि झोप झाल्यावर परत विचारतही नाहीत.

घरात कोणी टोचून घेतंय का हे ओळखायचं कसं, आणि बोलायचं कसं?

उकाड्यात पूर्ण बाहीचे कपडे, दंडावर-मनगटावर ठिपके किंवा काळे-निळे डाग, रक्ताचे बारीक थेंब कपड्यावर, बाथरूममध्ये खूप वेळ, पडलेल्या सुया किंवा टोपणं. यातलं एखादं दिसलं म्हणजे लगेच खात्री नाही, रक्तदान किंवा तपासणीचीही खूण असू शकते.

बोलताना तो चढलेला किंवा नुकताच उतरत असेल तेव्हा नको. झोप झालेली असू दे, पोटात काहीतरी गेलेलं असू दे. खोली उपसून पुरावे समोर मांडून सुरुवात करू नका. "मला काळजी वाटतेय, तू सांगशील ते ऐकणार आहे, मध्ये बोलणार नाही" असं म्हणा आणि मग खरंच मध्ये बोलू नका, हे सगळ्यात अवघड आहे. घराबाहेर काढायची धमकी देऊ नका, कारण घर सुटणं हाच एक मोठा धोका आहे हे वर आलंय. तुमचं स्वतःचं जेवण-झोप आणि बाकीच्या मुलांकडे लक्ष हेही सोडू नका.

यावर औषध आहे का?

हेरॉइनसाठी जसं मेथाडोन तसं स्टिम्युलंटसाठी सर्वमान्य औषध अजून नाही. मेथवर ब्युप्रोपिऑन आणि इंजेक्शनने देतात तो नालट्रेक्सोन एकत्र देऊन २०२१ मध्ये एक चांगला अभ्यास छापला गेला, त्यात १३.६ टक्के लोकांना फायदा झाला, तुलनेसाठी नुसतं औषधासारखं दिसणारं, आत काही नसलेलं दिलं होतं त्यांच्यात २.५ टक्क्यांना. थोडा आहे पण आहे. सगळ्यात जास्त पुरावा आहे तो बक्षीस पद्धतीला, म्हणजे लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस, सोबत समुपदेशन. लोक याला लाच म्हणतात, पण मेंदूला ताबडतोब मिळणाऱ्या फळाची सवय लागलेली असते, तिथे तसंच ताबडतोब काहीतरी चांगलं द्यावं लागतं.

घसरला तर उपचार वाया गेला असं नाही. सुई सोडून परत ओढण्यावर आला तरी तो बदल मोजा, आमच्या मते तो नक्कीच मोजण्यासारखा आहे.

काल रात्री पहिल्यांदा टोचलं, सुई दुसऱ्याची होती. आता?

आधी हे, छातीत दुखतंय, अंग तापलंय, झटके येतायत, किंवा ओठ निळे पडून श्वास मंद झालाय असं काही असेल तर वाचन थांबवा आणि ताबडतोब अँब्युलन्स बोलवा, काय घेतलंय ते खरं सांगा. मालात ओपिऑइड, म्हणजे हेरॉइनच्या जातीचं काही, मिसळलेलं असण्याची शंका असेल आणि त्याचा परिणाम उलटवणारं औषध नॅलोक्सोन हाताशी असेल तर ते द्या, स्टिम्युलंटवर त्याचा परिणाम होत नाही पण मिसळलेल्या ओपिऑइडवर होतो.

तसं काही नसेल तर घड्याळ बघा. एचआयव्ही टाळायची औषधं, पीईपी म्हणतात, ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस घ्यायची असतात. म्हणजे आजच जा, उद्यावर ढकलू नका, लाज वाटली तरी जा. तिथे हिपॅटायटिस बीची लस झालीये का ते विचारतील, नसेल तर घ्या. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीची तपासणी आज करून घ्या आणि सांगतील तेव्हा परत करा, कारण ताजा संसर्ग पहिल्या काही आठवड्यांत तपासणीत दिसत नाही. हिपॅटायटिस सी निघालाच तर आता गोळ्यांनी आठ ते बारा आठवड्यांत ९५ टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. टोचलेली जागा लाल, गरम, सुजलेली होत गेली किंवा थंडी वाजून ताप आला तर घरी पिळू-दाबू नका, डॉक्टरला दाखवा.

आणि त्या डॉक्टरने टाकून बोललं तर दुसऱ्याकडे जा, पण ७२ तासांच्या आत.